घरचे फोटो संगणकाच्या पडद्यावर फिरते ठेवायचे असतील तर

बेळगावात वडगावला, विणकरांच्या वस्तीत माझी मावशी राहते. तिच्या मुलाने घरच्या संगणकावर फिरता वॉलपेपर लावून दिला आणि तो नोकरीसाठी पुण्याला गेला. पंधरा दिवसांनी मी गेलो, तर पडद्यावर लाईट बिलाचा फोटो येऊन थांबलेला. "फोटो हालेनाच की रे," मावशी म्हणाली. तिला बघायचा होता तो फोटो वेगळाच. आजोबा हातमागावर बसलेत, उजव्या हातात धोट्याची दोरी, मागच्या भिंतीला टेकून सुताच्या लडी. तो फोटो त्या दोन हजार फोटोंच्या ढिगात नव्हताच, ट्रंकेतल्या जुन्या अल्बममध्ये होता.

संगणकात काहीच बिघाड नव्हता. मुलाने फोटो पेन ड्राइव्हवर ठेवून तेच फोल्डर वॉलपेपरला दाखवलं होतं आणि जाताना पेन ड्राइव्ह काढून खिशात घालून नेला होता. विंडोज पडद्यावरच्या फोटोची स्वतःपुरती एक प्रत करून ठेवतं, त्यामुळे मूळ फोटो गायब झाला तरी शेवटचा फोटो तसाच दिसत राहू शकतो. बघणाऱ्याला वाटतं, संगणक अडकला.

गल्लीत आणि नात्यात अशी बरीच घरं मी बघितली आहेत. त्यावरून सांगतो: फिरता वॉलपेपर बंद पडला तर सेटिंगमध्ये शिरण्याआधी फोटो कुठे आहेत ते बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. म्हणून सेटिंगचं नंतर सांगतो, आधी फोल्डरचं.

वेगळं फोल्डर

फोनमधल्या सगळ्या फोटोंचं फोल्डर वॉलपेपरला कधीच लावू नका. त्यात आधार कार्ड असतं, बँकेच्या पासबुकाचं पान असतं, जमिनीचा उतारा असतो, औषधाची चिठ्ठी असते. घरी पाहुणे बसलेले असताना किंवा ऑनलाइन मीटिंगमध्ये तुमचा पडदा दहा जण बघत असताना यातलं काय वर येईल, याचा नेम नाही. एकदा बसून निवड करा. कंटाळवाणं काम आहे, पण खरं काम हेच. बाकीचं सगळं पंधरा मिनिटांचं.

संगणकाच्या आतल्याच डिस्कवर नवं फोल्डर करा. डी ड्राइव्ह असेल तर तिथे, नसेल तर सी ड्राइव्हवर. नाव साधं ठेवा. मावशीच्या संगणकावर मी 'पडदा' असं ठेवलंय. 'पिक्चर्स' या तयार फोल्डरच्या आत ते करू नका असं मी मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ नव्या लॅपटॉपवर 'पिक्चर्स' परस्पर वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीला, जोडलेलं असतं. फोटो डिस्कवर आहे असं तुम्हाला वाटतं, पण खरा फोटो इंटरनेटवर असतो आणि संगणकात नुसतं नाव उरतं. फाईलच्या शेजारी ढगाचं छोटं चित्र दिसलं तर तसंच समजा. जोडलेलंच फोल्डर वापरायचं असेल, तर त्यावर राईट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, म्हणजे फोटो खाली उतरून डिस्कवर राहतील.

फोटो या फोल्डरमध्ये कॉपी करायचे, कट करायचे नाहीत. वॉलपेपरसाठी आपण फोटो कापणार, फिरवणार, नको झाला की पुसून टाकणार. हे सगळं प्रतीवर झालं पाहिजे, मूळ फोटोला हात लागता कामा नये.

किती फोटो घ्यावेत? माझा अनुभव दीडशे ते दोनशेचा. हिशोब करून बघा. दर अर्ध्या तासाने फोटो बदलला आणि संगणक दिवसाला ६ तास चालू राहिला, तर दिवसात १२ फोटो होतात. १८० फोटोंची एक फेरी व्हायला साधारण १५ दिवस लागतात. एखादा फोटो पंधरवड्याने पुन्हा समोर आला की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. हजारो फोटो ओतले की त्यातला हवा तो वर्षभर दिसत नाही आणि फोल्डरही वाचायला जड होतं.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास घडते. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते आणि फोनमध्ये एकाच चित्ररथाचे चाळीस फोटो जमतात. त्यातला एकच ठेवा, आणि तोही चेहरे दिसत असतील असा. रात्रीचे फोटो फोनवर बरे दिसतात, पण मोठ्या पडद्यावर त्यांचा बारीक दाणा उठून दिसतो. दिवसाउजेडी काढलेले फोटो घ्या. राजहंसगडावरून दिसणारी भातशेती, गोकाकचा धबधबा पावसाळ्यात घटप्रभा भरून आल्यावरचा, खानापूरच्या परड्यातला फणस, निपाणीच्या आत्याकडे अंगणात वाळत घातलेला तंबाखू. असे फोटो पडद्यावर छान बसतात.

फोटो फोनमधून आणताना

अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनवर येणाऱ्या सूचनेत 'फाईल ट्रान्सफर' निवडा. संगणकावर फोनचं नाव दिसेल. त्यात डीसीआयएम आणि त्याच्या आत 'कॅमेरा' हे फोल्डर असतं. तुम्ही स्वतः काढलेले फोटो तिथे सापडतात.

आयफोन असेल तर एक अडचण येते. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो. विंडोजच्या वॉलपेपरला हा प्रकार नीट पचत नाही, फोटो गाळला जातो किंवा पडदा नुसता काळा दिसतो. आयफोनच्या सेटिंगमध्ये 'फोटोज' उघडा (नव्या आयओएसमध्ये ते 'ॲप्स'च्या आत असतं), तळाशी 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' आहे, तिथे 'ऑटोमॅटिक' निवडा. मग केबलने कॉपी करताना फोटो आपोआप जेपीईजी या सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात बदलून येतात. यापुढचे फोटो मुळातच जेपीईजीमध्ये हवे असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'खाली 'मोस्ट कंपॅटिबल' करून ठेवा.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंवर फार भरवसा ठेवू नका. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. फोनवर ते जाणवत नाही, पडद्यावर कडा पुसट दिसतात. अँड्रॉइडवर असा फोटो नावावरून ओळखता येतो, नावात तारखेच्या पुढे डब्ल्यूए ही अक्षरं असतात. लग्नाचे फोटो चुलतभावाकडे असतील तर त्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मग फोटो मूळ आकारात येतो.

गुगल फोटोजमध्ये सगळं साठवलेलं असेल तर ब्राउझरमध्ये अल्बम उघडून 'डाउनलोड ऑल' करा. झिप फाईल येईल, म्हणजे सगळे फोटो एकत्र बांधलेलं गाठोडं. ती तशीच ठेवून चालत नाही, राईट क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करा आणि आतले फोटो 'पडदा'मध्ये टाका. गुगल फोटोज आपोआप संगणकाच्या फोल्डरमध्ये उतरत राहण्याची जुनी सोय जुलै २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे ही उतरवणी हातानेच करावी लागते.

जुने छापील फोटो

यावर थोडं थांबतो, कारण घरातले सगळ्यात मोलाचे फोटो फोनमध्ये नसतातच. ते ट्रंकेत, काळ्या पानांच्या अल्बममध्ये असतात. आजोबांचा फोटो तसाच होता. चार कोपऱ्यांना कागदी त्रिकोण, वर बटर पेपर, आणि दमटपणाने एक कोपरा पानाला चिकटलेला. आपल्याकडचा पावसाळा अशा अल्बमांचा वैरी आहे. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर पानाला राहून जातो. तो पानासकट स्कॅन करा.

स्कॅनर असेल तर ४ बाय ६ इंचाचा फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, स्कॅन करा. १८०० बाय १२०० ठिपक्यांचं चित्र मिळतं, आणि १९२० बाय १०८० च्या पडद्याला ते जवळजवळ पुरतं. त्याहून लहान फोटो ६०० ला करा. काच आधी सुती कापडाने पुसा. एक केस राहिला तरी तो आजोबांच्या गालावर रेघ होऊन उमटतो, हे मी अनुभवलंय. स्कॅनर नसेल तर गुगलचं फोटोस्कॅन हे ॲप फोनवर घ्या. ते एकाच फोटोचे थोड्या थोड्या अंतरावरून पाच शॉट घेतं आणि चकाकी काढून टाकून त्यातून एक स्वच्छ फोटो जोडतं. खिडकीजवळ सावलीत, फोटो सपाट ठेवून हे करा.

डोकं कापलं जातं ते का

आजोबांचा स्कॅन झाला, पडद्यावर लावला, आणि दिसला नुसता माग. टोपी गेली, कपाळ गेलं, खाली पायही गेले. मावशीचा चेहरा उतरला. असं होण्यामागचं गणित सोपं आहे. बहुतेक पडदे १६ ला ९ या प्रमाणात आडवे असतात. फोनचे फोटो ४ ला ३ असतात. आडवा फोटो पडदाभर पसरला की त्याच्या उंचीतला चौथा हिस्सा कापला जातो. उभा फोटो पसरला तर निम्म्याहून जास्त जातो, जेमतेम ४२ टक्के उरतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, फोटो स्वतः कापा. विंडोजच्या फोटोज ॲपमध्ये फोटो उघडा, 'एडिट'मध्ये 'क्रॉप' घ्या, प्रमाण १६ ला ९ करा आणि चौकट सरकवत चेहरा आत घ्या. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं ते मग तुमच्या हातात राहतं. दोन, फोटो अजिबात न कापता 'फिट' वापरा (ही बटणं कुठे असतात ते पुढे सेटिंगमध्ये सांगतो). फोटो पूर्ण दिसतो, दोन्ही बाजूंना पट्टे राहतात. पट्ट्यांना हवा तो रंग देता येतो: वॉलपेपर थोड्या वेळासाठी 'सॉलिड कलर'वर आणा, रंग निवडा आणि परत 'स्लाइडशो'वर, म्हणजे फिरत्या फोटोंवर, जा.

ही निवड साऱ्या फोल्डरला एकदम लागू होते, फोटोगणिक वेगळी करता येत नाही. म्हणून मी आडवे फोटो आणि उभे फोटो एकत्र ठेवत नाही. उभे फोटो हवेच असतील तर दोन-दोन शेजारी जोडून एक आडवा फोटो करतो. आजोबांच्या शेजारी आजीचा उभा फोटो जोडला. आता दोघं एकत्र दिसतात.

आणखी एक. डेस्कटॉपवरची चिन्हं डाव्या कडेला रांगेने असतात. फोटो कापताना माणसं उजवीकडे येतील असं बघा, नाहीतर आत्याच्या तोंडावर रिसायकल बिन बसतो. मोबाईलचा फोटो आडवा झोपलेला दिसला तर फोटोज ॲपमध्ये एकदा फिरवून सेव्ह करा, तो तसाच टिकतो.

आता सेटिंग

डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राईट क्लिक करा, 'पर्सनलाइझ' निवडा, मग 'बॅकग्राउंड'. वर एक यादी असते, तिथे 'स्लाइडशो' निवडा. सध्या तिथे 'स्पॉटलाइट' निवडलेलं असेल तर विंडोज स्वतःची चित्रं लावतं, तुमची येणार नाहीत. 'ब्राउझ' दाबून आपलं 'पडदा' फोल्डर दाखवा. फोल्डर निवडायच्या खिडकीत आतले फोटो दिसत नाहीत, फोल्डर रिकामं वाटतं. घाबरू नका, तसंच 'चूज धिस फोल्डर' दाबा.

त्याखाली वेळ असते: १ मिनिट, १० मिनिटं, ३० मिनिटं, १ तास, ६ तास, १ दिवस. शिकताना १ मिनिट ठेवा, म्हणजे बदलतंय की नाही ते लगेच कळतं. सगळं जुळलं की ३० मिनिटं करा. १ मिनिट तसंच राहिलं तर काम करताना डोळ्यांना सतत हालचाल जाणवते आणि फोटो नीट बघायलाही मिळत नाही. 'शफल' चालू केलं की क्रम मिसळतो. 'चूज अ फिट'मध्ये फोटो पडदाभर पसरायचा असेल तर 'फिल', न कापता पूर्ण दिसायचा असेल तर 'फिट'. 'स्ट्रेच' कधीच नको, माणसं रुंद दिसतात.

सगळं झालं की डेस्कटॉपवर राईट क्लिक करून 'नेक्स्ट डेस्कटॉप बॅकग्राउंड' दाबा. फोटो बदलला म्हणजे जोडणी बरोबर आहे.

तरीही फोटो हलत नसेल

लॅपटॉप असेल तर आधी बॅटरीचं बघा. विजेवरून बॅटरीवर आला की विंडोज बॅटरी वाचवायला स्लाइडशो थांबवतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट जाते-येते, आणि जांबोटी-खानापूरकडच्या गावांत तर वारा सुटला की जातेच. त्यामुळे फोटो कधी बदलतो, कधी नाही, असा भास होतो. स्लाइडशोच्या त्याच पानावर 'लेट स्लाइडशो रन इव्हन इफ आयम ऑन बॅटरी पॉवर' हे बटण आहे, ते चालू करा. घरात इन्व्हर्टर असेल आणि लॅपटॉप त्यावरच्या प्लगला लावलेला असेल तर लाईट गेल्याचं लॅपटॉपला कळतच नाही, मग हा प्रश्न येत नाही. तरीही थांबत असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', तिथे चालू प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये जा. 'डेस्कटॉप बॅकग्राउंड सेटिंग्ज' ही ओळ दिसली तर त्याखाली 'स्लाइडशो' 'अव्हेलेबल' करा. 'पॉज्ड' असेल तर फोटो हलणारच नाही.

बॅटरीचं ठीक असेल तर फोल्डर तपासा. नाव बदललंय का? दुसरीकडे हलवलंय का? विंडोज फोल्डरचा पत्ता लक्षात ठेवतं, तुम्ही 'पडदा'चं नाव 'पडदा नवीन' केलंत तर ते त्याला सापडत नाही. पुन्हा 'ब्राउझ' करून दाखवा, एवढंच.

पर्सनलायझेशनची सगळी बटणं फिकट पडली असतील आणि दाबली जात नसतील तर विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं नसतं. जुन्या बाजारातून घेतलेल्या संगणकांवर हे फार दिसतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं लिहिलेलं दिसलं तर तो ऑफिसचा नियम आहे, त्यांच्या आयटीवाल्यांना विचारा, स्वतः खटपट करू नका. विंडोज १० वर पडदा नुसता काळा राहत असेल तर 'ईझ ऑफ ॲक्सेस'मध्ये 'डिस्प्ले' उघडा. 'शो डेस्कटॉप बॅकग्राउंड इमेज' बंद झालेलं असू शकतं.

हे सगळं बघून झालं तरी जुनाच फोटो चिकटून असेल तर विंडोजने करून ठेवलेल्या प्रती काढून टाकायच्या. फाईल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून लपलेल्या फाईली दिसतील असं करा. मग सी ड्राइव्ह, युजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, थीम्स अशा वाटेने आत जा. तिथे 'ट्रान्सकोडेडवॉलपेपर' नावाची फाईल, 'स्लाइडशो' नावाची आयएनआय फाईल आणि 'कॅश्डफाईल्स' हे फोल्डर असतं. एवढ्या तीनच गोष्टी पुसा, बाकी कशाला हात लावू नका. तुमचे फोटो यात नसतात, त्यांना धक्का लागत नाही. संगणक बंद करून सुरू करा आणि स्लाइडशो पहिल्यापासून लावा. मावशीच्या संगणकावरचं लाईट बिल शेवटी असंच गेलं.

मॅक वापरणाऱ्यांनी सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'वॉलपेपर' उघडून तिथे आपलं फोल्डर जोडायचं. तिथे फोटोज ॲपमधला अल्बमही थेट घेता येतो. लिनक्स मिंटवर 'बॅकग्राउंड्स'मध्ये फोल्डर जोडून त्याच खिडकीच्या सेटिंग्जमध्ये स्लाइडशो चालू करा. उबुंटूवर शॉटवेल हे फोटोंचं ॲप घ्या, त्यात हवे ते फोटो एकदम निवडून 'फाईल' मेनूतून डेस्कटॉप स्लाइडशो लावता येतो.

पुढे फोल्डरची देखभाल फारशी लागत नाही. नवा फोटो 'पडदा'मध्ये टाकला की तो आपोआप फेरीत येतो, पुन्हा सेटिंग करावं लागत नाही. गणपती झाले की त्या वर्षीचे चांगले दहा-बारा टाका आणि तेवढेच जुने काढा. मावशीला मी फक्त एवढंच शिकवलंय: फोटोवर राईट क्लिक, कॉपी, 'पडदा' उघडून पेस्ट. गेल्या आठवड्यात तिने नातवाच्या बारशाचा फोटो स्वतः टाकला आणि मला फोन केला, "आलाय बघ, आजोबांच्या नंतर लगेच आलाय."